शंभर मीटरसाठी वजन किती असावं? काट्याआधी उडी मोजा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की चिंचणीच्या किनाऱ्यावर पहाटे धावणाऱ्या मुलामुलींची गर्दी वाढते. ‘भरती’ शब्दाचे आमच्याकडे दोन अर्थ, आणि दोन्हींची वेळ पाहूनच घराबाहेर पडावं लागतं! त्याच दिवसांत दवाखान्यात एक ठरलेला प्रश्न येतो: “डॉक्टर, शंभर मीटर मारायचंय, किती किलो उतरवू?” विचारणारा बहुतेक वेळा जाडही नसतो. कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की हलका माणूस जोरात पळतो, म्हणून त्याने रात्रीचं जेवण सोडलेलं असतं. काहींच्या खिशात मित्राने दिलेली लघवीची गोळी असते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चाचणीला महिना-दोन महिने उरले असताना सडपातळ किंवा मध्यम बांध्याच्या मुलाला ‘वजन उतरव’ असं सांगणं हे वाईट प्रशिक्षण आहे. कमी अंतराच्या धावण्यात वजनाच्या दर किलोमागे पायात किती ताकद आहे, हे महत्त्वाचं. उपाशी राहिलं की काट्यावरचा आकडा खाली येतो खरा, पण त्याच्याबरोबर ताकदही खाली येते.

हे कसं, ते समजून घेऊ. बोईसर स्टेशनाबाहेरून सुटणारी रिक्षा डोळ्यांसमोर आणा. तीन माणसं असली की ती झटकन वेग घेते, खच्चून भरली की चढावर रडते. इंजिन तेच, ओझं वेगळं. पण ओझं कमी करताना कुणी इंजिनाचाच अर्धा सिलिंडर काढून ठेवला तर? उपासमारीने नेमकं हेच होतं.

शंभर मीटरचे ढोबळ दोन भाग असतात. पहिल्या तीसेक मीटरमध्ये तुम्ही शून्यातून वेग कमावता. इथे न्यूटनचा साधा नियम चालतो: जमिनीला मागे रेटणारं बळ भागिले तुमचं वस्तुमान, म्हणजे तुमचा प्रवेग. नंतरच्या भागात वेग बराचसा मिळालेला असतो आणि तो टिकवायचा असतो. तेव्हा चांगल्या धावपटूचं पाऊल जमिनीवर सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाइतकं टेकतं. एवढ्या वेळात त्या एका पायाला शरीराच्या वजनाच्या कित्येक पट बळ जमिनीवर द्यावं लागतं, नाहीतर शरीर खाली बसतं आणि पाऊल जमिनीवर रेंगाळतं. वेगवान माणूस पाय हवेत फार भरभर फिरवतो असं आपल्याला वाटतं. मोजमापं घेतली तेव्हा वेगळंच दिसलं. पाय पुढे आणायला वेगवान आणि सामान्य धावणाऱ्यांना जवळपास सारखाच वेळ लागतो. फरक पडतो तो जमिनीवर दिलेल्या बळात.

आणि हे बळ वजनाच्या तुलनेत लागतं. आपल्या भागात ताडावर चढून ताडी काढणारे लोक पाहा. दंड काही फार फुगलेले नसतात, जिममध्ये कुणी त्यांच्याकडे वळूनही बघणार नाही. पण स्वतःचं सगळं वजन ते रोज कित्येक ताडांवर चढवतात. याला म्हणतात वजनाच्या मानाने ताकद. यात लहान चणीच्या माणसाला निसर्गाचीच थोडी सवलत असते, कारण शरीर मोठं होताना वजन ताकदीपेक्षा जास्त वेगाने वाढतं.

मग मोठ्या शरीराच्या माणसाने आशाच सोडावी का? अजिबात नाही. उसेन बोल्ट 1.95 मीटर उंच आणि नव्वद किलोच्या पुढचा. 2009 मध्ये बर्लिनला त्याने 9.58 सेकंदांचा विश्वविक्रम केला. दुसऱ्या टोकाला जमैकाचीच शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस, उंची जेमतेम पाच फूट. तिने 2021 मध्ये 10.60 सेकंदांत शंभर मीटर मारले. ‘धावपटूचं योग्य वजन’ असा एक आकडा असता तर ही दोन शरीरं एकाच खेळात दिसली नसती. दोघांतही साम्य एकच: अंगावर बिनकामाचं ओझं फार कमी आणि पायांत प्रचंड ताकद.

आता थोडं गणित. समजा एक मुलगा 70 किलोचा आहे, पोट थोडं सुटलंय आणि त्याला पहिले 30 मीटर 4.8 सेकंद लागतात. त्याने सावकाश, फक्त चरबीचे 4 किलो कमी केले आणि ताकद तशीच राखली, तर ढोबळ हिशेबाने या टप्प्यात त्याचे साधारण 0.14 सेकंद वाचतील. भरतीत एकेका सेकंदाच्या टप्प्यामागे दोन-तीन गुण कमी-जास्त होतात, तेव्हा सीमेवरच्या मुलासाठी हे थोडं नाही. पण तेवढाच फायदा वजन तसंच ठेवून जमिनीला रेटण्याचं बळ सहा टक्क्यांनी वाढवलं तरी मिळतो. ज्याने कधी नीट बैठका मारल्या नाहीत, वजन घेऊन पायऱ्या चढल्या नाहीत, त्याच्या पायांची ताकद दोन-तीन महिन्यांत याहून बरीच जास्त वाढते. जिममधली सगळी ताकद धावण्यात उतरत नाही हे मान्य, पण सौदा तरीही चांगला आहे.

आणि तोच मुलगा दहा दिवस उपाशी राहून 4 किलो उतरला तर? पहिल्या दिवसांत जातं ते मुख्यतः पाणी, आणि स्नायूंत साठवलेली साखर. ही साखर आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून काटा इतका झटपट खाली येतो. पुढे थोडी चरबी जाते आणि बरोबर स्नायूही जातो. लघवीची गोळी घेतली तर चरबी एक ग्रॅमही जळत नाही. पाणी, सोडियम आणि पोटॅशियम मात्र जातं. पोटॅशियम कमी झालं की पायात गोळे येतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एवढं करून मिळवायचं काय? शिपाई भरतीत वजनाला एकही गुण नाही! उंची आणि छाती मोजतात. गुण मिळतात ते घड्याळावर आणि टेपवर.

मैदानी चाचणीच्या 50 गुणांकडेही जरा लक्ष द्या. मुलांना 1600 मीटरचे 20, शंभर मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. या तीन गोष्टी तीन वेगळी शरीरं मागतात. लांब धावायला हलकं शरीर बरं. 7.260 किलोचा गोळा फेकायला अंगात वजन आणि एकूण ताकद लागते. शंभर मीटर या दोघांच्या मधे उभं आहे. उपाशी राहून वजन पाडलेला मुलगा 1600 मध्ये कदाचित काही सेकंद कमावेल (तेही अशक्तपणा आला नाही तर), पण गोळा त्याच्या हातून जवळ पडेल आणि शंभर मीटरच्या सुरुवातीलाच तो मागे राहील. उलट नुसते दंड आणि छाती फुगवणाऱ्याला गोळ्यात फायदा, पण वरचं ओझं पायांनाच वाहायचं आहे. म्हणून तिन्हींना एकत्र उपयोगी पडणारी गोष्ट एकच, मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांची ताकद. आरशात सगळ्यात कमी दिसणारी, म्हणून सगळ्यात दुर्लक्षित!

तर मग वजन कमी करायचं की नाही, हे ठरवायचं कसं? कंबर मोजा. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर चरबी कमी करण्यात खरंच फायदा आहे. आठवड्याला चारशे-पाचशे ग्रॅम, त्याहून जास्त घाई नको. कंबर निम्म्याच्या बऱ्याच खाली असेल तर काटा विसरा.

आणि दर पंधरा दिवसांनी जागेवरून लांब उडी मोजा. दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं, धाव न घेता पुढे उडी मारायची, टाच जिथे टेकली तिथवर अंतर मोजायचं, तीन प्रयत्नांतला चांगला लिहून ठेवायचा. जागा आणि बूट तेच ठेवा. या उडीत ताकद, वजन आणि ताकद झटकन वापरण्याची क्षमता तिन्ही एकत्र मोजली जातात, खर्च शून्य. वजन उतरलं आणि उडी वाढली किंवा तेवढीच राहिली, तर चरबी जाते आहे. वजन उतरलं आणि उडीही घटली, तर तुम्ही स्नायू गमावताय किंवा थकलाय. त्या दिवशी जेवण वाढवा, व्यायाम नाही.

वाळूबद्दल हमखास विचारलं जातं. आपला किनारा ही फुकटची व्यायामशाळा आहे, पण तिची मर्यादा ओळखा. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो, जमिनीकडून परत मिळणारा उसळा नाहीसा होतो. मेहनत जास्त होते, वेग कमी राहतो. पायांच्या ताकदीसाठी आठवड्यातून एखाद-दोन वेळा छान. मात्र शंभर मीटरचा वेग कडक जमिनीवरच शिकावा लागतो. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू त्यातल्या त्यात बरी, पण उतारावर एकाच बाजूने धावत राहिलात तर घोटा आणि गुडघा तक्रार करणार. वेगासाठी 20 ते 30 मीटरच्या पूर्ण जोरातल्या पाच-सहा धावा, प्रत्येकीनंतर दोन-तीन मिनिटं विश्रांती, एवढं पुरे. धापा टाकत केलेला सराव दमासाठी चांगला, पण वेग त्याने वाढत नाही.

मांडीचा मागचा स्नायू ओढला गेला की आठवडे वाया जातात. त्यासाठी एक व्यायाम जरूर शिका: गुडघ्यांवर उभं राहायचं, मित्राने घोटे घट्ट धरायचे, आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. नियमित केला तर या दुखापती जवळपास निम्म्या होतात. सुरुवातीला चार-पाच वेळाच करा, दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतील.

खाण्यात महागड्या डब्यांची गरज नाही. किलोमागे दीड ग्रॅम प्रथिनं धरली तर 70 किलोच्या मुलाला रोज शंभरेक ग्रॅम लागतात. अंडी, डाळ, चणे, दूध आणि आपल्याकडचं सुकट-बोंबील. सुकवलेल्या मासळीत पाणी निघून गेल्याने प्रथिनं दाटलेली असतात. मीठ मात्र आधी धुऊन काढा. भात सोडू नका, जोरात धावायला तोच इंधन पुरवतो.

मुलींसाठी एक वेगळी सूचना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असेल तर शंभर मीटर कदाचित निभावेल, पण 800 मीटर आणि रोजचा सराव झेपणार नाही. वजन कमी करण्याआधी ही तपासणी करा. जेवण तोडल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली, तर शरीराला अन्न पुरत नाहीये असा त्याचा अर्थ. ‘बरं झालं, त्रास वाचला’ असं समजू नका.

पालघर, डहाणू, तलासरी भागातल्या आदिवासी कुटुंबांतल्या मुलांनी आणखी एक तपासणी करावी, सिकलसेलची. जुलै 2023 पासून राष्ट्रीय मोहिमेत ती सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत होते आहे. सिकलसेलचा वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. वाहक धावू शकतात, भरतीही होऊ शकतात. पण शरीरात पाणी कमी असताना, उन्हात, सवय नसताना एकदम जिवाच्या आकांताने धावलं तर वाहकाच्या रक्तपेशी वाकड्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो, आणि क्वचित ते जिवावर बेततं. पाणी तोडून किंवा गोळी घेऊन मैदानात उतरणाऱ्या वाहक मुलाचा धोका म्हणूनच इतरांपेक्षा मोठा. सराव हळूहळू वाढवा, मधे थांबा, पाणी प्या. धावताना पाय गळून गेले, छातीत दुखलं, चक्कर आली किंवा नंतर लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल तर सराव सुरू करण्यापूर्वी ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा.