मित्राची गरज कोणी मोजावी?

पहलगामच्या हत्याकांडानंतर ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रात त्यासाठी १६ ठिकाणे निवडण्यात आली होती. परभणी त्या यादीत नव्हती. शत्रूच्या विमानांना परभणीचे महत्त्व वाटत नसेल, तर त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु त्यावरून येथील माणसाला संरक्षणाची गरज नाही, असा निष्कर्ष निघत नाही. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्यात २००९ साली दुरुस्ती होऊन आपत्तीतील बचावकार्यही त्याच्या कक्षेत आले आहे. भोंगा बॉम्बसाठी वाजावा तसा पुरासाठीही वाजावा, हे संसदेनेच मान्य केले आहे.

परभणीचे संकट कोणत्या वाटेने येते, हे सर्वांस ठाऊक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीचे दरवाजे उघडले गेले आणि गोदाकाठच्या शेतांत पाणी शिरले. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा हे तालुके या नदीच्या काठचे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी शेजारच्या हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे हादरे परभणीलाही जाणवले. दुष्काळ तर आमच्या घरचाच.

अशा वेळी मदतीला धावणारे पुष्कळ असतात. पण मदत म्हणजे आपल्याजवळ जे अधिक आहे ते देणे नव्हे. समोरच्याला जे हवे ते देणे होय. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा भारताने बचाव पथकांबरोबर लष्कराचे रुग्णालयही पाठविले. तेथील रुग्णालयेच कोसळली होती, म्हणून ते उपयोगी पडले. याउलट ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जी नवी गावे वसविली गेली, त्यांतील घरे भक्कम होती. परंतु गुरे कोठे बांधावीत, कडबा आणि धान्य कोठे ठेवावे, शेत इतके दूर का गेले, असे प्रश्न लोक नंतर विचारीत राहिले. ते आधी विचारले गेले असते, तर त्याच सिमेंटात अधिक सोयीची घरे उभी राहिली असती.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण निर्माण केले. जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचा निवडून आलेला अध्यक्ष सहअध्यक्ष, अशी ही रचना आहे. हेतू उघड आहे: शासनाच्या शेजारी लोकांचा माणूस बसावा. प्रत्यक्षात २०२२ साली जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. लोकांची खुर्ची रिकामी ठेवून लोकांच्या संरक्षणाचा आराखडा करणे, हा लोकशाहीचा उपहास आहे.

पण सारा दोष शासनाच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही. शेतमजुराला आपण मित्र म्हणतो. त्या मित्राचे घर नदीपासून किती अंतरावर आहे, याची नोंद आपल्यापैकी किती जणांजवळ आहे? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांमागे गावात कोण म्हातारे राहतात? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रात्री कोण उचलणार? शाळेच्या इमारतीत आसरा घ्यायचा, तर तिची किल्ली कोणाजवळ असते? धरणातून पाणी सुटल्याची बातमी शेवटच्या वस्तीवर कोण पोचवितो, आणि तेथील लोकांच्या गुरांचे काय?

हे प्रश्न कार्यालयात बसून सुटणारे नाहीत. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक काठच्या गावी दोन कार्यकर्त्यांनी जावे, घरोघर विचारावे आणि वस्तीतील लोकांकडूनच यादी करवून घ्यावी. ग्रामसभेत ती वाचली जावी, कोणाचे नाव राहिले असल्यास तेथेच घालावे आणि तिची प्रत तहसीलदाराला देऊन पोच घ्यावी. जिल्ह्याच्या आराखड्यात ती समाविष्ट झाली की नाही, याचा जाब पुढे विचारता येईल. ज्याच्याजवळ लिहिलेली मागणी नाही, त्याला उत्तर देण्याचे बंधन कोणीच मानीत नाही.

पूर ओसरल्यावर धान्याची पोती वाटणे हे दयेचे काम आहे, आणि तेही करावेच लागते. पूर येण्यापूर्वी मित्राच्या दारात जाऊन त्याला काय हवे ते विचारणे हे राजकारणाचे काम आहे. तेच आपले काम होय.