अर्धी की पूर्ण?

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन. विचारलं, ‘‘ग्रंथी अर्धी काढणार की पूर्ण?’’ म्हणाली, ‘‘ह्यांना माहीत. सही केलीय मी.’’

मैत्रिणींनो, या गाठी पुरुषांपेक्षा आपल्यातच कितीतरी जास्त. मंगळसूत्र सरळ करताना हाताला लागतात, दुखत नाहीत, म्हणून आपण ‘दिवाळी होऊन जाऊ दे’ करत राहतो. बहुतेक साध्याच निघतात. पण साधी कोणती, हे चाचपून कळत नाही. त्यासाठी सोनोग्राफी, आणि संशय वाटला तर एफएनएसी. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढायच्या, बस्स. ऑपरेशन नाही, भूल नाही, थोड्या वेळात घरी. ‘सुई लावली की गाठ पसरते’ म्हणणाऱ्या सासवा-नणंदा घरोघरी आहेत. थायरॉइडमध्ये असं होणं अतिशय दुर्मिळ.

रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीने सहा गटांत येतो. दुसरा म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कॅन्सर. खरी पंचाईत तिसऱ्या-चौथ्यात. मैत्रिणीचा चौथा होता, ‘फॉलिक्युलर’ गाठीचा. या प्रकारात पेशींनी गाठीचं आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली असेल तरच कॅन्सर म्हणतात. सुईत येतात फक्त पेशी. घरातली माणसं पाहून कुंपण मोडलंय का, हे कसं कळणार?

मग ऑपरेशन चालू असतानाच तपासता येत नाही का? येतं. त्याला फ्रोजन सेक्शन म्हणतात. तुकडा गोठवून, पातळ काप करून, साधारण अर्ध्या तासात उत्तर. पॅपिलरी कॅन्सरचा संशय असेल तर त्याचा उपयोग होतो. फॉलिक्युलरमध्ये मात्र ‘पक्क्या रिपोर्टची वाट पाहा’ असंच बहुधा येतं. तेवढ्या वेळात सगळं आवरण तपासून होत नाही. म्हणून अशा वेळी बरेचदा अर्धीच ग्रंथी काढतात. पुढे कॅन्सर निघाला तर कधीकधी पुन्हा टेबलावर जावं लागतं, हे खरं. पण पूर्ण काढली तर थायरॉक्सिनची गोळी जन्मभर, शिवाय कॅल्शियम सांभाळणाऱ्या शेजारच्या ग्रंथींना धोका जास्त.

हा निर्णय भुलीत असताना बाहेर बसलेल्या नवऱ्याने का घ्यावा?

मैत्रिणीने रात्रीच डॉक्टरांना फोन केला. फ्रोजनमध्ये कॅन्सर स्पष्ट दिसला तरच पूर्ण, नाहीतर अर्धी, असं ठरवून संमतीपत्रावर तसं लिहून घेतलं. अर्धीच काढलीय. पक्का रिपोर्ट अजून यायचाय.