पडण्याची जागा

खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मैदान येते. मैदानावर आखलेल्या रेषा येतात, शिट्टी वाजवणारा पंच येतो, जिंकणारा आणि हरणारा संघ येतो. क्रिकेट असो, कबड्डी असो वा खो-खो. मोठ्या माणसांनी नियम करून द्यायचे आणि मुलांनी ते पाळायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत. म्हणूनच की काय, चार चाकांच्या फळीवर उभा राहून जिन्याच्या कठड्याशी झटापट करणारा पंधरा वर्षांचा मुलगा दिसला की आपण गोंधळतो. हा खेळतो आहे की उनाडक्या करतो आहे? याचा संघ कोणता? हा जिंकला हे ठरवणार कोण? आणि मुख्य म्हणजे, हा पडला तर जबाबदार कोण?

स्केटबोर्डचा सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास हा या शेवटच्या प्रश्नाचाच इतिहास आहे, असे मला वाटते. आपल्या शहरांतील मुलांच्या हाती ही फळी आता दिसू लागली आहे, तेव्हा तो इतिहास आपणही एकदा चाळून पाहायला हरकत नाही.

या खेळाचा जनक म्हणून कोणा एकाचे नाव घेता येत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणारी, सर्फिंगची नादी मंडळी होती. ज्या दिवशी समुद्र शांत असे त्या दिवशी करायचे काय? रोलर स्केटची चाके काढून त्यांनी ती फळीखाली ठोकली आणि लाटेऐवजी उताराचा रस्ता धरला. आपल्याकडच्या पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना यात फारसे नवल वाटणार नाही. गॅरेजमधून टाकाऊ बेअरिंग मागून आणायचे, फळीखाली दोन मागे आणि एक पुढे असे बसवायचे आणि गल्लीच्या उतारावरून खडखडाट करीत सुटायचे, हा उद्योग आमच्या पिढीतल्या अनेकांनी केला आहे. माझ्या डाव्या गुडघ्यावर त्या बेअरिंगच्या गाडीची खूण अजून आहे. फरक एवढाच, की आमची गाडी आमच्या बालपणाबरोबर संपली आणि कॅलिफोर्नियातल्या फळीचा मात्र जगभरचा खेळ झाला.

अर्थात, ते सहजासहजी झाले नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपन्यांनी तयार स्केटबोर्ड बाजारात आणले आणि त्यांचे वेड झपाट्याने पसरले. १४ मे १९६५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅट मॅकगी ही तरुणी धावत्या फळीवर चक्क हातांवर उभी राहिलेली दिसते. पण त्याच वर्षी अनेक अमेरिकी शहरांनी रस्त्यांवर आणि पदपथांवर स्केटबोर्डला बंदी घातली. अपघात वाढले होते हे खरेच होते. त्या काळची चाके मातीच्या मिश्रणाची, कडक आणि गुळगुळीत असत. रस्त्यावर ती पकड घेत नसत आणि वाटेत बारीकसा खडा आला तरी जागीच अडत. फळी थांबे, मुलगा पुढे जाऊन पडे. दोष चाकांचा होता, शिक्षा झाली खेळाला. वर्षभरात हे वेड ओसरले आणि दुकानांत माल पडून राहिला.

पुढची गोष्ट मोठी गमतीची आहे. व्हर्जिनिया राज्यातल्या एका कारखान्यात युरेथेन या प्लॅस्टिकची चाके बनत. ती स्केटिंग रिंकवर भाड्याने मिळणाऱ्या स्केटसाठी होती. जमिनीला फार घट्ट धरतात, म्हणून वेगाच्या भोक्त्यांना ती आवडत नसत. फ्रँक नॅसवर्थी या तरुणाने ती पाहिली आणि आपल्या फळीला लावून बघितली. रिंकवर जो दोष होता तोच रस्त्यावर गुण ठरला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ही चाके कॅलिफोर्नियात विकायला काढली आणि मेलेला खेळ उठून बसला. फळी आता खड्यांवरून जाऊ शकत होती, वळणावर घसरत नव्हती.

आज दुकानात जो बोर्ड मिळतो तो या सगळ्या सुधारणांची बेरीज आहे. वरची फळी, म्हणजे डेक, मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेली असते. साधारण आठ इंच रुंद आणि एकतीस-बत्तीस इंच लांब. तिची दोन्ही टोके वर वळलेली असतात. मागचे टोक वळवण्याची कल्पना लॅरी स्टीव्हन्सन यांनी १९६९ मध्ये काढली. डेकच्या पाठीवर पॉलिश पेपरसारखा खरखरीत पट्टा असतो, त्यामुळे बुटाला पकड मिळते. खाली धातूचे दोन आस असतात, त्यांना ‘ट्रक’ म्हणतात. त्यात बसवलेल्या मऊ गुटक्यांमुळे अंग ज्या बाजूला झुकवावे त्या बाजूला फळी वळते. चाके पन्नास ते साठ मिलिमीटर व्यासाची. गुळगुळीत सिमेंटवर कडक चाक चांगले, खडबडीत रस्त्यावर मोठे आणि मऊ. चाकातले बेअरिंग मात्र लहान विजेच्या मोटारींतही असते तेच. मुलांना बोर्ड घेऊन देणाऱ्या पालकांनी एवढे लक्षात ठेवावे, की खेळण्यांच्या दुकानातला चित्रांनी सजवलेला स्वस्त बोर्ड पुष्कळदा वळतही नाही आणि नीट फिरतही नाही. नवशिक्या मुलाला तोच जास्त पाडतो.

सुधारलेली चाके हाती आली आणि मुलांनी शहराकडे नव्या नजरेने पाहायला सुरुवात केली. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. बंगल्यांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले. त्यांच्या गोलसर भिंती पाहून सांता मोनिका भागातल्या पोरांना लाटाच दिसल्या. टोनी अल्वा, जे अॅडम्स, स्टेसी पेराल्टा आणि त्यांच्या चमूतली एकमेव मुलगी पेगी ओकी. ही नावे या खेळात आजही आदराने घेतली जातात. बहुतेक पोरे सामान्य घरांतली. श्रीमंतांच्या रिकाम्या तलावांत चोरून शिरायचे, कोणी हाकलेपर्यंत खेळायचे आणि पळायचे. त्यांचे चोरून शिरणे योग्य होते असे कोणी म्हणणार नाही. पण वास्तुविशारदाच्या स्वप्नातही नसलेला उपयोग पोरांना दिसला, हे मान्य करावे लागेल.

मग रीतसर स्केटपार्क निघाले, पुष्कळ चालले आणि पुष्कळ बंदही पडले. कारण तेच. मुले पडत, पालक नुकसानभरपाई मागत, विम्याचे हप्ते मालकांच्या आवाक्याबाहेर जात. नॉर्वेने तर १९७८ मध्ये स्केटबोर्डच्या विक्रीवर, जाहिरातीवर आणि वापरावरही बंदी घातली. ती १९८९ पर्यंत टिकली. तिथली मुले रानात लपवून लाकडी उतार बांधत आणि बोर्ड चोरट्या मार्गाने आणत. सरकारने पडण्याची जबाबदारी झटकली आणि मुले डोळ्यांआड जाऊन पडू लागली, इतकेच.

या कोरड्या काळातच फ्लोरिडातल्या एका मुलाने खेळाची दिशा बदलली. रॉडनी मलन याचे वडील दंतवैद्य, शिस्तीचे कडक. स्केटबोर्ड त्यांना पसंत नव्हता. अखेर दहा वर्षांच्या मुलाला त्यांनी अटीवर परवानगी दिली: संरक्षक साहित्य घालायचे आणि गंभीर दुखापत झाली तर खेळ बंद. मुलगा घराच्या गॅरेजमध्ये, सपाट जमिनीवर तासन् तास एकटा सराव करी. अॅलन गेलफंड याने फ्लोरिडातच स्केटपार्कच्या उतारावर हात न लावता बोर्डसकट उडी मारण्याची ‘ऑली’ ही युक्ती शोधली होती. मलनने ती १९८२ मध्ये सपाट जमिनीवर करून दाखवली. मागचा पाय टोकावर आपटायचा, फळीचे नाक वर येते, पुढचा पाय सरकवून ती हवेत आडवी करायची. लिहायला सोपे, जमायला कित्येकांना महिने लागतात. या एका युक्तीमुळे खेळाला उतार, तलाव, पार्क यांची गरजच उरली नाही. पायरी, कठडा, बाक, जे समोर येईल ते मैदान झाले.

आणि साहजिकच पहारेकरी मागे लागले. फिलाडेल्फिया शहरातले ‘लव्ह पार्क’ हे या खेळाचे जणू पंढरपूर. २००१ आणि २००२ साली त्याच शहराने ‘एक्स गेम्स’ ही साहसी खेळांची मोठी स्पर्धा भरवली, आणि त्याच सुमारास या चौकात स्केटबोर्डला बंदीही घातली. तेव्हा ज्यांच्या कल्पनेतून तो चौक साकारला ते नगररचनाकार एडमंड बेकन स्वतः तिथे गेले. वय वर्षे ९२. डोक्याला हेल्मेट, दोन्ही बाजूंना धरायला माणसे, आणि म्हातारबुवा बंदी मोडून फळीवरून चालले. आपण बांधलेली जागा तरुणांनी आपल्याला न सुचलेल्या रीतीने वापरली याचा त्यांना आनंद होता. बंदी उठली नाही, पुढे चौकही बदलला. पण लंडनमध्ये थेम्सकाठच्या साउथबँक इमारतीखालची अशीच जागा दुकानांसाठी जाणार होती, ती नागरिकांच्या मोठ्या चळवळीनंतर २०१४ मध्ये खेळाडूंसाठी राखली गेली.

एवढे करून या खेळातून मुलांना मिळते काय, असे कोणी विचारील. मला वाटते, न लाजता पडण्याची सवय. २७ जून १९९९ रोजी टोनी हॉक याने हवेत अडीच गिरक्या घेण्याची, ‘९००’ नावाने ओळखली जाणारी करामत सॅन फ्रान्सिस्कोत हजारोंसमोर साधली. त्याआधी त्याच संध्याकाळी तो अकरा वेळा पडला होता. स्पर्धेची वेळ कधीच संपली होती. प्रतिस्पर्धी बाजूला उभे राहून त्याला चेतवत होते.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, हा खेळ प्रथमच आला. मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण आणि रौप्य दोन्ही पदके तेरा वर्षांच्या मुलींनी नेली. पण मला आठवतो तो पार्क प्रकार. जपानची पंधरा वर्षांची मिसुगु ओकामोतो तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होती. शेवटच्या फेरीत तिने अवघड युक्ती घेतली, पडली आणि चौथ्या स्थानावर राहिली. ती रडत बाहेर आली तर तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या मुलींनीच तिला खांद्यांवर उचलले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच खेळात चीनची अकरा वर्षांची मुलगीही उतरली आणि ब्रिटनचे एक्कावन्न वर्षांचे अँडी मॅकडोनाल्डही.

हे सारे परदेशातले, असे म्हणायचीही सोय नाही. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या आदिवासी वस्तीच्या गावात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये स्केटपार्क बांधला. नियम दोनच: शाळेत गेला नाहीत तर बोर्ड नाही, आणि पहिला मान मुलींचा. त्या गावातली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत खेळून आली. ज्या गावात मुलीला ‘पडशील’ म्हणून अडवले जाई, तिथे ती सर्वांसमोर पडली, उठली आणि पुन्हा फळीवर चढली.

आणि आपल्या वसाहतींत? आमच्याकडे फलक लागला आहे: ‘आवारात स्केटबोर्ड, सायकल व चेंडू खेळण्यास सक्त मनाई.’ तक्रारी खोट्या नाहीत. पेव्हर ब्लॉकवर बोर्डचा आवाज भयंकर होतो, दुपारी झोपमोड होते. काठी टेकत चालणाऱ्या आजींच्या पायाशी सुटलेली फळी आली तर अनर्थ होईल. बैठकीत एका गृहस्थांनी विचारलेच, “उद्या कोणी पडले तर जबाबदार कोण?” मी म्हटले, आपण सर्व. त्यावर कोणी काही बोलले नाही आणि फलकही निघाला नाही. मुले आता तळघरातल्या वाहनतळात खेळतात. तिथे जमीन गुळगुळीत आहे आणि मोटारी मागे घेणाऱ्या चालकाला ती दिसत नाहीत.

माझे म्हणणे मोठे नाही. प्रत्येक प्रभागातल्या एखाद्या बागेत टेनिस कोर्टाएवढा गुळगुळीत सिमेंटचा चौथरा, दोन बुटके कठडे आणि एक उतार एवढे महापालिकेला जड नाही. क्रीडासंकुलाच्या कमानीपेक्षा ते स्वस्तच पडेल. वसाहतींनी मुलांना संध्याकाळचे दोन तास आणि एक कोपरा ठरवून द्यावा. पालकांनी रॉडनी मलनच्या वडिलांसारखी अट घालावी: हेल्मेट, गुडघ्यांचे आणि मनगटांचे पॅड यांवाचून फळीला पाय लावायचा नाही. पडताना माणूस हात पुढे टाकतो, म्हणून मनगट आधी मोडते. ते विसरू नये. पाच वर्षांखालच्या मुलाला बोर्ड देऊ नये, दहा वर्षांखालच्याजवळ मोठ्या माणसाने उभे राहावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ सांगतात. रहदारीच्या रस्त्यावर तर कोणत्याच वयात नाही. एवढी काळजी घेऊनही गुडघे फुटतीलच. आयोडीन लावायला आपण घरी आहोतच.