आधी इथल्या हातांना शिकवा

१५ जुलै हा जागतिक युवा कौशल्य दिन. प्रवेशाच्या धावपळीत तो येतो आणि रत्नागिरीतल्या कित्येक घरांत या दिवसांत एकच काळजी असते: पोराला काय शिकवले म्हणजे त्याला मुंबई गाठावी लागणार नाही? सौरऊर्जा, विजेवरची वाहने, कांदळवनांची राखण, निसर्ग पर्यटन यांतली कामे या काळजीवरचा उतारा ठरू शकतात. मात्र ती शिकवताना इथली हवा, इथली जमीन आणि आज राबत असलेला इथला कामगार यांना धरूनच शिकवली पाहिजेत.

वीजनिर्मिती या जिल्ह्याला नवी नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते आणि १९६० च्या दशकापासून राज्याला वीज देते. जयगडला कोळशावर चालणारे ३०० मेगावॉटचे चार संच आहेत. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पावरून आणि बारसूच्या रिफायनरीवरून तर गावेच्या गावे रस्त्यावर उतरली. मोठा प्रकल्प म्हटला की स्थानिकांना नोकऱ्या देण्याचे आश्वासन येते. त्या नोकरीला लागणारे शिक्षण प्रकल्पाच्या आधी गावात पोहोचावे, याचा आग्रह मात्र कोणी धरत नाही.

छपरावरच्या सौरऊर्जेत ही चूक टाळता येईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे आणि तीन किलोवॉटच्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. पॅनेल चढवायला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे सांभाळायला माणूस जवळचाच हवा. गावचा वायरमन त्यासाठी तयार आहे का? मेन स्विच पाडला की लाइन मेली, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. पॅनेलचे तसे नाही. ऊन आहे तोवर पॅनेलमधून येणारी डीसी वायर जिवंतच राहते आणि डीसीची ठिणगी एसीसारखी चटकन विझत नाही. हातात मीटर देऊन, प्रत्यक्ष छपरावर नेऊन हे शिकवले नाही तर जिवावर बेतेल.

त्यात कोकणची स्वतःची दुखणी आहेत. खाऱ्या वाऱ्यात साधे नटबोल्ट बघता बघता गंजतात. जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होते. कौलारू घरावर पॅनेलचा भार कौलांवर टाकून चालत नाही, तो खालच्या वाशांनी पेलावा लागतो. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात छपरांचे काय केले, ते ज्यांनी पाहिले त्यांना चौकट किती घट्ट हवी हे सांगावे लागत नाही. देशभरासाठी छापलेल्या पुस्तकात हे सगळे मावणार नाही. आपल्या सुतार-मेस्त्र्यांना यातले अर्धे आधीच ठाऊक आहे. त्यांना आयटीआयमध्ये शिकवायला बोलवा, त्यांचा मान आणि मानधन दोन्ही राखून.

गावच्याच माणसांना शिकवून काम उभे राहते, हे स्वप्नरंजन नव्हे. याचा दाखला मंडणगड तालुक्यातल्या वेळासने दिला आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम हाती घेतले. वाळूतली अंडी ओळखणे, ती कुंपणात सुरक्षित हलवणे, पिल्ले समुद्रात सोडणे हे काम गावची माणसे शिकली. पुढे कासव महोत्सवाला पाहुणे येऊ लागले आणि घरातल्या बायकांच्या हातच्या जेवणाला, ओसरीवरच्या मुक्कामाला दाम मिळू लागला. तिथे कामाबरोबर शिकवणारी माणसेही गावात आली, म्हणून ते टिकले.

आणखी एका कामगाराची आठवण ठेवायला हवी. देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला आहे, म्हणजे कोळशाचे संच त्याआधीच कधीतरी थंडावणार. बॉयलरजवळ उभा असलेला तिशीतला फिटर तेव्हा कदाचित निवृत्त झालेला नसेल. त्याच्या दुसऱ्या शिक्षणाची तरतूद पगार चालू असतानाच व्हावी आणि कंत्राटी कामगारही त्यात धरावेत.

वेळापत्रकही कोकणचेच असावे. जून ते सप्टेंबर छपरावरची कामे बंद असतात, मासेमारी बंदीमुळे जून-जुलैत बोटी किनाऱ्याला असतात, बागेतली फवारणी थांबलेली असते. या चार महिन्यांत आयटीआयच्या कार्यशाळा संध्याकाळी वायरमन, खलाशी आणि बागेतल्या गड्यांसाठी उघडाव्यात. बुडणाऱ्या रोजाच्या बदल्यात विद्यावेतन द्यावे आणि दहावीच्या दाखल्याची अट घालू नये. जिल्हा नियोजन समितीने पुढच्या पावसाळ्याआधी एवढी तरतूद करावी, अशी आमची मागणी आहे.