म्हशीचा भ्रूण 'ग्रेड १' आहे म्हणजे नेमकं काय?

आयव्हीएफने जनावरांची पैदास वाढावी म्हणून राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये खात्रीच्या प्रत्येक गर्भधारणेमागे ५ हजार रुपयांचं अनुदान ठरवण्यात आलं. पण म्हैस गाभण राहणार का, हे बऱ्याच अंशी त्याआधीच, सूक्ष्मदर्शकाखाली ठरतं.

तिथे दोन गोष्टी पाहतात.

अवस्था: पेशींचा घट्ट गोळा म्हणजे मोरुला. त्यात द्रवाची पोकळी तयार झाली की ब्लास्टोसिस्ट. म्हशीचा भ्रूण गायीच्या भ्रूणापेक्षा साधारण अर्धा ते एक दिवस आधी इथवर पोहोचतो. गायीच्या हिशोबाने सातव्या दिवशी पाहिलं, तर तो आवरणाबाहेर आलेला असू शकतो.

दर्जा: किमान ८५ टक्के पेशी शाबूत असतील तर ग्रेड १, ५० टक्के असतील तर २, २५ टक्के असतील तर ३. मृत किंवा खराब होत असलेला भ्रूण ग्रेड ४. गोठवण्यासाठी ग्रेड १ला पसंती असते.

अडचण अशी की म्हशीच्या भ्रूणात चरबी जास्त असते. तो गडद दिसतो आणि नजरेने पारख करणं अवघड जातं.

शिवाय ग्रेडवरून रेडी पुढे किती दूध देईल, हे कळत नाही. त्यासाठी तिच्या आईच्या आणि वळूच्या नोंदी लागतात. म्हणूनच पशुपालकाने पैसे भरण्याआधी ग्रेड आणि नोंदी दोन्ही मागायला हव्यात.