वाचण्याआधी नाव विचारू नका

जुनी नियतकालिके, दुर्मीळ ग्रंथ आणि संस्थेच्या कपाटातली हस्तलिखिते संगणकावर आणण्याचे काम आता तालुक्याच्या ग्रंथालयांपर्यंत पोहोचले आहे. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण या कामात एक निर्णय फारशी चर्चा न होता घेतला जातो. संकेतस्थळ बांधून देणारा विचारतो, ‘लॉगिन ठेवायचे ना?’ आणि कार्यकारिणी होकार देऊन पुढच्या विषयाकडे वळते. मग दूरवरचा वाचक शोधत शोधत तिथवर येतो आणि पुस्तकाच्या पहिल्या पानाऐवजी त्याला नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि ओटीपीचे रकाने दिसतात. त्यातले बरेच वाचक तिथूनच परत फिरतात आणि ते आले होते हेही आपल्याला कळत नाही.

या अंकात आम्ही एक भूमिका मांडत आहोत. ग्रंथ घरी न्यायचा असेल, संग्रहात भर घालायची असेल, चर्चेत लिहायचे असेल, तर नोंदणी जरूर हवी. केवळ वाचायचे असेल तर ती नको.

या प्रश्नावर चेन्नईच्या टी. नगरकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव मिरवणारे हे त्यागराय नगर १९२०च्या दशकात वसले. बाहेरचा माणूस ते साड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांमुळे ओळखतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत तिथल्या संगीतसभा आणि तिथले प्रकाशक.

वाणी महालातली त्यागब्रह्म गान सभा आणि श्रीकृष्ण गान सभा या दोन्ही संस्था टी. नगरच्या. डिसेंबरच्या मध्यापासून मार्गळी महिन्याचा संगीतोत्सव सुरू झाला की चेन्नईच्या सभांमध्ये सकाळ-दुपारपासून मैफली चालतात. संध्याकाळच्या मोठ्या कलावंतांच्या मैफलींना तिकीट असते, सभासदांच्या जागा ठरलेल्या असतात. दुपारच्या, बहुधा तरुण गायक-वादकांच्या मैफली मात्र सहसा विनामूल्य असतात. कोणीही आत यावे, बसावे, ऐकावे. नवोदिताला श्रोता मिळतो, श्रोत्याला नवा कलावंत कळतो, आणि असे ऐकता ऐकता काहीजण पुढे सभासद होतात. संस्थेचा खर्च वर्गणी, तिकिटे आणि देणग्यांवर चालतो. त्यासाठी दुपारी आलेल्या श्रोत्याचे नाव लिहून घ्यावे लागत नाही.

दुसरी गोष्ट प्रकाशकांची. कण्णदासन पदिप्पगम, वानदि पदिप्पगम, मणिमेकलै प्रसुरम अशा तमिळमधल्या नामवंत प्रकाशनसंस्था टी. नगरच्या. या प्रकाशनविश्वाला तमिळनाडूच्या एका धोरणाची पार्श्वभूमी आहे. महाकवी सुब्रह्मण्य भारती १९२१ साली गेले. त्यांच्या लेखनाच्या मालकीचा वाद बराच काळ चालला. अखेर १९४९ मध्ये मद्रास सरकारने ते हक्क आपल्याकडे घेतले आणि पुढे ते सर्वांसाठी खुले केले. त्यानंतर शंभराहून अधिक तमिळ लेखकांचे साहित्य राज्य सरकारने वारसांना मोबदला देऊन अशाच रीतीने लोकांचे केले. ते कोणीही छापू शकतो, कोणीही संगणकावर आणू शकतो. १९९८ साली स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या मदुरै प्रकल्पावर अभिजात तमिळ ग्रंथांपासून आधुनिक साहित्यापर्यंतच्या संहिता खाते न उघडता उतरवून घेता येतात. तमिळ व्हर्च्युअल अकादमीच्या तमिळ डिजिटल ग्रंथालयातही वाचक थेट पुस्तकाशी पोहोचतो. आणि तरीही टी. नगरच्या प्रकाशकांची दुकाने चालू आहेत, भारतींच्या नव्या आवृत्त्या निघत आहेत.

याच शहरात १९२४ साली एस. आर. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी तिथे कपाटे वाचकांसाठी मोकळी केली. १९३१ च्या ‘फाइव्ह लॉज ऑफ लायब्ररी सायन्स’मध्ये, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा या तिसऱ्या नियमाच्या विवेचनात, त्यांनी मुक्त प्रवेशाला अग्रस्थान दिले. हे पाच नियम आपण परीक्षेसाठी पाठ केले आहेत. संकेतस्थळाचा आराखडा ठरवताना ते आठवले पाहिजेत. लॉगिनच्या आड ठेवलेली संहिता शोधयंत्रांना दिसत नाही. गावाच्या, घराण्याच्या किंवा एखाद्या विस्मृत लेखकाच्या नावाने शोध घेणाऱ्याला तुमच्याकडचा ग्रंथ सापडतच नाही. स्कॅनिंगवर खर्च झालेला असतो, पण त्या ग्रंथापुरता तिसरा नियम मोडलेला असतो.

आपली परंपराही या बाबतीत उदार आहे. गावोगावच्या नगर वाचनालयांतला मुक्तद्वार वृत्तपत्र विभाग आठवा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी, निवृत्त शिक्षक, बाजाराच्या दिवशी गावात आलेला शेतकरी, सगळे एकाच बाकावर बसून वाचतात. अनामत रक्कम आणि वर्गणी लागते ती पुस्तक घरी न्यायला. हा भेद आपल्या पूर्वसुरींनी नेमका ओळखला होता. पडद्यावर वाचलेले पान कपाटातून नाहीसे होत नाही, ते परत येण्याची हमी घ्यावी लागत नाही. मग जे प्रत्यक्ष वाचनालयात मागत नाही, ते संकेतस्थळावर का मागायचे?

नोंदणीच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात आणि तिन्हींना उत्तर द्यायला हवे.

पहिला मुद्दा आकडेवारीचा. अनुदान देणारे आणि देणगीदार वापराचे आकडे विचारतात, हे खरे आहे. परंतु किती पाने उघडली, कोणते ग्रंथ अधिक पाहिले गेले, कोणत्या महिन्यात वाचन वाढले, हे सर्व वाचकाचे नाव न घेता मोजता येते. वार्षिक अहवालाला तेवढे पुरते.

दुसरा मुद्दा गैरवापराचा, आणि आज तो अधिक गंभीर झाला आहे. यंत्रे संकेतस्थळांवरून प्रचंड मजकूर उपसत आहेत. आपल्या सर्वांत खर्चिक रहदारीपैकी ६५ टक्के अशा स्वयंचलित यंत्रांची आहे, असे विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले. छोट्या ग्रंथालयाचा सर्व्हर अशा माऱ्याने बंद पडू शकतो, ही भीती रास्त आहे. उपाय मात्र यंत्राला रोखणारा असावा. एका पत्त्यावरून मिनिटाला किती पाने उघडू द्यायची याची मर्यादा घाला. मोठ्या फाइली वेगळ्या ठेवा. हक्कमुक्त ग्रंथांची एक प्रत इंटरनेट आर्काइव्हवर चढवा, म्हणजे भार वाटला जाईल. एवढा मारा सोसूनही विकिपीडियाने वाचकाला खाते मागितलेले नाही.

तिसरा मुद्दा शिस्तीचा. नोंदणी असली की लोक जबाबदारीने वागतात, असे म्हणतात. लिहिणाऱ्यांच्या बाबतीत ते आम्हालाही पटते. भौतिकशास्त्र आणि गणिताचे शोधनिबंध ठेवणारे अर्काइव्ह १९९१ पासून चालू आहे. तिथे कोणीही खाते न उघडता वाचतो. निबंध सादर करायला नोंदणी लागते, आणि २००४ पासून नव्या लेखकाला त्या क्षेत्रातल्या जाणकाराची शिफारसही लागू शकते. इंग्रजी विकिपीडियाने डिसेंबर २००५ पासून नवा लेख सुरू करण्यासाठी खाते आवश्यक केले, वाचनासाठी नाही. शिस्त हवी ती लिहिण्याच्या दारात.

नोंदणीची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. घरात एकच मोबाइल असलेल्या बाईला प्रत्येक वेळी ओटीपी दुसऱ्याकडे मागावा लागतो. भारतीय क्रमांकाचीच अट असेल तर परदेशातले मराठी कुटुंब बाहेर राहते. शिवाय कोण काय वाचतो ही अत्यंत खासगी बाब आहे. आजाराविषयी, घटस्फोटाविषयी, धर्मांतराविषयी वाचणाऱ्याचे नाव आणि त्याने उघडलेली पाने एकत्र साठवणे म्हणजे त्याच्या मनाची वही आपल्याकडे ठेवणे. ती वही जपण्याची व्यवस्था आपल्या किती ग्रंथालयांत आहे? वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. अठरा वर्षांखालील वाचकाची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. शाळकरी मुलाला ‘श्यामची आई’ उघडून देताना हा सगळा भार अंगावर घेण्याचे काहीच कारण नाही. जी माहिती घेतलीच नाही, ती फुटण्याची भीती नाही.

काही ठिकाणी दार बंदच असले पाहिजे, हे आम्ही तितक्याच आग्रहाने सांगतो. रुग्णांचे, व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांचे, अत्याचार सोसलेल्या स्त्रियांचे गट एकमेकांच्या विश्वासावर बोलतात. ते बोलणे बाहेरच्याने वाचायचे नसते. हयात व्यक्तींची खासगी पत्रे, देणगीदाराने अट घालून दिलेले कागद, हक्क शिल्लक असलेली पुस्तके यांनाही मर्यादा हवी. इथे नोंदणी कोणाचे तरी रक्षण करते. कोणाचे रक्षण होते, या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती नोंदणी काढून टाकावी.

हाच निकष आपण स्वतःलाही लावला पाहिजे. कोहा या ग्रंथालय-प्रणालीत मराठी नोंदी कशा कराव्यात, ई-ग्रंथालय या प्रणालीतली माहिती नव्या प्रणालीत कशी न्यावी, मोडीतल्या शीर्षकाचे लिप्यंतर कसे द्यावे, असे प्रश्न ग्रंथपालांच्या बंद व्हॉट्सअ‍ॅप गटांत रोज विचारले जातात. जाणकार मनापासून उत्तरे देतात आणि महिन्याभरात ती सापडेनाशी होतात. गडचिरोलीतल्या नव्या ग्रंथपालाला तोच प्रश्न पहिल्यापासून विचारावा लागतो, तोही गटात कोणी घेतले तर. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी बनलेली कोहा जानेवारी २००० मध्ये वापरात आली आणि जगभर पसरली. तिच्या त्रुटींची नोंद आजही कोणीही खाते न उघडता वाचू शकतो, खाते लागते ते भर घालायला. आपले व्यावसायिक ज्ञानही असेच खुले व्हावे. गटातली उपयुक्त उत्तरे, देणाऱ्याच्या संमतीने आणि प्रश्नकर्त्याचे नाव वगळून, एकत्र करून जिल्हा ग्रंथालय संघाच्या संकेतस्थळावर ठेवता येतील.

येत्या वार्षिक सभेत प्रत्येक ग्रंथालयाने तीन ठराव मांडावेत, अशी आमची विनंती आहे. हक्कमुक्त साहित्य नोंदणीशिवाय वाचता येईल. सूची आणि ग्रंथाची प्राथमिक माहिती, ग्रंथ मर्यादित असला तरी, सर्वांना दिसेल. जिथे नोंदणी आवश्यक आहे तिथे कारण त्याच पानावर मराठीत लिहिलेले असेल, कमीत कमी माहिती मागितली जाईल आणि ती केव्हा पुसली जाईल हेही सांगितले जाईल. ज्यांचे संकेतस्थळ आधीच तयार आहे, त्यांनी ते बांधून देणाऱ्याला आजच फोन करून वाचनासाठीचे लॉगिन काढायला सांगावे.