दर्या आणि दऱ्या

एकीकडे दर्या, दुसरीकडे सह्याद्रीच्या दऱ्या; मध्ये आमचा सिंधुदुर्ग. संगणकात 'दऱ्या' दोन प्रकारे लिहिता येते: स्वतंत्र 'ऱ' योजून, किंवा पाय मोडलेल्या साध्या 'र'पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखेच. पण जावास्क्रिप्ट पहिल्याची लांबी ५ मोजते, दुसऱ्याची ६, आणि दोहोंना भिन्न शब्द मानते.

१९९९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट प्रमाणाचा तर नियमच होता, की आज्ञावलीतील असली अदृश्य चिन्हे वाचतानाच गाळावीत. तो पाळणाऱ्या जुन्या न्याहाळकात दऱ्यांचा दर्या होई! (मालवणात राहून याची तक्रार करावी तरी कशी?) चिन्हाऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहिणे, एवढाच उपाय होता. २००९ च्या पाचव्या आवृत्तीत नियम बदलला. दुहेरी लेखन मात्र उरलेच. २०१५ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये आलेली सामान्यीकरणाची सोयही ते एकरूप करीत नाही.

आमच्या मते हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे, शुद्धलेखनाचा आहे. ऱ्हस्वदीर्घासाठी गुण कापणारे आम्ही अध्यापक, 'ऱ' कोणत्या संकेताने लिहावा हे वर्गात सांगत नाही. मग एखाद्या संहितेत 'तऱ्हा' शोधूनही सापडली नाही, की तो शब्द तिथे नाहीच, असे विद्यार्थी प्रबंधात लिहून मोकळा होतो.